उभ्या गाडीचे उंदरांपासून संरक्षण : नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

माझी गाडी तीन आठवडे जागेवरून हलली नव्हती. त्यानंतर ती सुरू केली, तेव्हा इंजिन अडखळू लागले आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझेना. बॉनेट उघडल्यावर एका इंजेक्टरकडे जाणारी वायर कुरतडलेली दिसली. ती जोडून घेतली आणि प्रश्न मिटला असे समजून मी निश्चिंत झालो. दीड महिन्याने तीच वायर, जवळजवळ त्याच जागी, पुन्हा तुटली. ब्लोअर चालू केल्यावर येणारा कुबट वास पहिल्या वेळीही होता, पण त्याचा या प्रकाराशी संबंध असेल असे मला वाटले नव्हते. दुसऱ्या वेळी केबिन फिल्टर बाहेर काढला, तेव्हा बॉनेटच्या अस्तराचा कापूस आणि कागदाचे कपटे यांचे व्यवस्थित बांधलेले घरटे हाती आले. म्हणजे पहिल्या वेळी मी तुटलेली वायर दुरुस्त केली होती, पण उंदराचा मुक्काम मात्र कायम ठेवला होता.

या अनुभवानंतर जे शिकलो, ते येथे क्रमाने मांडले आहे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक लोक फवारे आणि यंत्रे विकत आणण्यापासून सुरुवात करतात आणि गाडी ज्या जागेत उभी राहते त्या जागेकडे शेवटपर्यंत पाहत नाहीत.

१. उंदीर गाडीत का शिरतो, हे आधी समजून घ्या

उंदीर गाडी खाण्यासाठी येत नाही. तो आसऱ्यासाठी येतो. नुकतेच बंद केलेले इंजिन काही तास ऊबदार असते. बॉनेटखाली अंधार असतो, पाऊस लागत नाही आणि कुत्र्यामांजरांना आत पोहोचणे अवघड असते. घरटे बांधायला मऊ अस्तरही तेथेच मिळते. मादीला पिल्ले वाढवण्यासाठी याहून चांगली जागा शोधावी लागत नाही. घरातल्या लहान उंदराचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा असतो आणि एका वेतात साधारणपणे पाच-सहा किंवा त्याहून अधिक पिल्ले होतात. त्यामुळे महिनाभर न उघडलेल्या बॉनेटखाली एकाचे कुटुंब झालेले आढळले, तर नवल वाटू नये.

कुरतडण्याचे कारण दातांत आहे. उंदरांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. त्यांच्या केवळ पुढच्या बाजूला कठीण आवरण असल्यामुळे मागची बाजू लवकर झिजते आणि धार आपोआप टिकून राहते. वायरीचे आवरण, रबरी नळी, फोम, प्लास्टिकचा डबा यांपैकी जे दाताखाली येईल, त्यावर हे दात चालतात. आजकालच्या वायरींच्या आवरणात सोयाबीनपासून मिळवलेले घटक असतात म्हणून उंदीर त्यांकडे ओढला जातो, असे बरेचदा ऐकू येते. अमेरिकेत यावरून वाहन कंपन्यांवर खटलेही भरले गेले. तथापि असे घटक वापरात येण्यापूर्वीही उंदीर वायरी कुरतडत होतेच, त्यामुळे आपली गाडी जुन्या बनावटीची आहे म्हणून सुरक्षित आहे, असे कोणी मानू नये.

एक गोष्ट ओघात सांगतो. रात्री भिंतीच्या कडेने चिवचिवत धावणारी चिचुंद्री उंदीर नव्हे. ती कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गटात मोडत नाही आणि मुख्यतः किडे खाते. वायरी तोडल्याचा आळ तिच्यावर घेऊ नये. खार मात्र कुरतडणाऱ्यांपैकीच आहे आणि ती दिवसाढवळ्या काम उरकते.

२. लागणारे साहित्य

काम सुरू करण्यापूर्वी पुढील वस्तू एकत्र करून ठेवाव्यात.

- प्रखर प्रकाशाचा टॉर्च आणि लहान आरसा
- रबरी हातमोजे आणि नाकातोंडाशी घट्ट बसणारा एन-९५ दर्जाचा मास्क
- जंतुनाशक, फवाऱ्याची बाटली, कागदी रुमाल, जाड प्लास्टिकच्या पिशव्या
- ६ मिलिमीटर किंवा त्याहून लहान छिद्रांची गॅल्वनाइज्ड अथवा स्टेनलेस स्टीलची जाळी, पत्रा कापण्याची कात्री, वायर-टाय
- चापाचे सापळे किंवा पिंजरे, एकापेक्षा अधिक
- गाडीची माहितीपुस्तिका, ज्यात केबिन फिल्टर, एअर फिल्टर आणि फ्यूज बॉक्स यांच्या जागा दिलेल्या असतात
- तपासणीची तारीख आणि निरीक्षण लिहिण्यासाठी वही

शेवटची वस्तू अनावश्यक वाटेल. परंतु लेंड्या जुन्या आहेत की कालच्या रात्रीच्या आहेत, हा प्रश्न दर आठवड्याला पडतो आणि त्याचे उत्तर स्मरणशक्तीपेक्षा वहीत अधिक खात्रीने मिळते.

३. पहिली तपासणी : इंजिन थंड असताना आणि गाडी सुरू करण्यापूर्वी

किल्ली फिरवण्यापूर्वी वाकून गाडीच्या खाली पाहा आणि वास घ्या. पेट्रोलचा किंवा डिझेलचा वास येत असेल, जमिनीवर ओल दिसत असेल, तर गाडी सुरू करू नका. कुरतडलेल्या इंधननळीतून गळणारे इंधन आणि तापलेले इंजिन एकत्र आले, तर आग लागू शकते. अशा वेळी मेकॅनिकला जागेवर बोलवावे किंवा गाडी ओढून न्यावी.

वास नसेल तर बॉनेट उघडून एका कोपऱ्यापासून क्रमाने पाहत जावे. बॅटरीच्या मागची फट, इंजिनवरच्या प्लास्टिकच्या आवरणाखालची जागा, एअर फिल्टरचा डबा, फ्यूज बॉक्सचा आडोसा आणि बॉनेटच्या आतील अस्तर येथे प्रथम खुणा सापडतात. त्यानंतर पुढच्या काचेखाली वायपर बसवलेली जी जाळीदार प्लास्टिकची पट्टी असते, तिच्या फटीत टॉर्च मारावा. बाहेरची हवा केबिनमध्ये तेथून जाते आणि उंदीरही बहुधा त्याच वाटेने जातो. शेवटी केबिन फिल्टर बाहेर काढावा. अनेक गाड्यांत तो डाव्या सीटसमोरच्या कप्प्यामागे असतो आणि दोन क्लिपा सोडवल्या की हाती येतो. माझा सगळा अनुभव सांगतो की नवखा माणूस नेमकी हीच तपासणी टाळतो.

काय शोधायचे? लहान उंदराच्या लेंड्या ३ ते ६ मिलिमीटर लांब आणि टोकदार असतात; मोठ्या उंदराच्या १२ मिलिमीटरपेक्षा मोठ्या असतात. ताज्या लेंड्या काळसर, चकचकीत आणि मऊ असतात, जुन्या करड्या होऊन चुरतात. नेहमीच्या वाटेवर अंगाच्या तेलकटपणाचे काळपट पट्टे उमटतात. याशिवाय कागदाचे कपटे, कापूस, बियांची फोलपटे आणि अमोनियासारखा उग्र वास या खुणा आहेत.

लहान उंदीर आणि मोठा उंदीर यांतला फरक केवळ कुतूहलापुरता नाही. लहान उंदीर जेमतेम ६ मिलिमीटरच्या फटीतून आत येतो आणि सहसा घरट्यापासून काही मीटरांच्या परिसरातच वावरतो, म्हणजे तो मिळाला तर त्याचे घरटे गाडीत किंवा गाडीच्या अगदी जवळ असणार. मोठा उंदीर बराच दूरून येतो. त्याचे बीळ शोधण्यासाठी गाडीभोवतीचा परिसर पालथा घालावा लागतो. मोठ्या उंदरांतही दोन प्रकार नेहमी भेटतात. काळा उंदीर चढण्यात पटाईत असतो, तर तपकिरी उंदीर आणि घूस जमिनीत बिळे करतात. पहिल्यासाठी वर, फांद्या, वायरी आणि माळ्याकडे पाहायचे. दुसऱ्यांसाठी खाली, भिंतीच्या पायाशी आणि गटाराच्या कडेला.

तपासणीत विद्युत वाहनांच्या मालकांनी एक मर्यादा कटाक्षाने पाळावी. नारिंगी रंगाच्या जाड केबल उच्च दाबाच्या असतात. त्यांवर दातांच्या खुणा दिसल्या, तर हात लावू नये, पाणी किंवा जंतुनाशक फवारू नये, गाडी चार्जिंगला लावू नये आणि थेट प्रशिक्षित तंत्रज्ञाला बोलवावे.

४. आधी पकडा, मग बंद करा

ताज्या खुणा सापडल्या की लगेच सगळ्या फटी बुजवाव्यात असे वाटते. तसे करू नये. उंदीर आत असताना वाट बंद झाली, तर तो नवी वाट कुरतडून काढतो किंवा आतच मरतो, आणि दोन्ही परिणाम मूळ त्रासापेक्षा महाग पडतात. म्हणून सापळे आधी, जाळी नंतर.

सापळे इंजिनजवळ न ठेवता जमिनीवर, भिंतीच्या कडेने आणि चाकांच्या आसपास ठेवावेत. उंदीर मोकळ्या जागेतून सहसा जात नाही, तो भिंतीला अंग घासत चालतो. म्हणून चापाचा सापळा भिंतीला काटकोनात आणि आमिषाची बाजू भिंतीकडे करून ठेवावा. एका सापळ्याने काम भागत नाही. लहान उंदरांसाठी दोन-तीन मीटर अंतरावर अनेक सापळे लावावेत. आमिष अगदी थोडे, शेंगदाण्याच्या दाण्याएवढे असावे आणि ते दोऱ्याने बांधावे, नाहीतर चाप न पडताच ते पळवले जाते. घरटे बांधण्याच्या काळात कापसाचा बोळाही आमिष म्हणून चालतो.

येथे दोन जातींचे स्वभाव उलट आहेत. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो आणि काही दिवस तिच्या जवळही फिरकत नाही. त्याच्यासाठी सापळा चाप न लावता, केवळ आमिष ठेवून तीन ते पाच रात्री तसाच राहू द्यावा आणि आमिष निर्धास्तपणे खाल्ले जाऊ लागले की चाप लावावा. लहान उंदीर मात्र चौकस असतो, त्यामुळे त्याच्यासाठी पहिल्याच रात्री चाप लावावा. दोन रात्रींत काही मिळाले नाही, तर सापळ्याची जागा बदलावी. मोठ्या उंदराच्या बाबतीत अशी घाई केली, तर त्याचे बिचकणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

लहान मुले, पाळीव प्राणी किंवा पक्षी येत असतील, तर चाप छिद्र पाडलेल्या खोक्यात ठेवावा. सापळे रोज सकाळी पाहावेत. जिवंत पकडणारा पिंजरा वापरणार असाल, तर पकडलेल्या प्राण्याचे पुढे काय करायचे हे आधी ठरवा. कोपऱ्यावर सोडलेला उंदीर परत येतो आणि दूर सोडण्याबाबत ठिकठिकाणचे नियम वेगळे असतात. गाडी काढण्यापूर्वी सापळ्यांची संख्या मोजण्याची सवय लावून घ्यावी. एखादा चाप बॉनेटखाली ठेवून विसरला गेला, तर तो पंख्यात किंवा पट्ट्यात अडकू शकतो.

सलग एक आठवडा काहीही पकडले गेले नाही आणि नव्या लेंड्या दिसल्या नाहीत, म्हणजे गाडी रिकामी झाली असे धरून पुढच्या टप्प्याकडे वळावे.

५. घरटे काढणे आणि स्वच्छता

उंदरांच्या मूत्रातून आणि विष्ठेतून लेप्टोस्पायरोसिस, हंताविषाणूचे संसर्ग आणि साल्मोनेलाचे आजार पसरू शकतात. त्यामुळे कोरड्या झाडूने झाडणे, तोंडाने फुंकणे, हवेच्या दाबाने उडवणे किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावणे हे चारही प्रकार वर्ज्य आहेत, कारण त्यांनी वाळलेले कण हवेत उडतात आणि श्वासात जातात.

दारे आणि बॉनेट उघडून किमान अर्धा तास हवा खेळू द्यावी. बॅटरीची ऋण जोडणी सोडवावी. हातमोजे आणि मास्क चढवून घरट्यावर आणि लेंड्यांवर जंतुनाशक पूर्ण भिजेपर्यंत फवारावे, पाच मिनिटे थांबावे, मग कागदी रुमालाने उचलून दुहेरी पिशवीत बांधावे. घरगुती ब्लीच एका भागास नऊ भाग पाणी या प्रमाणात ताजे मिसळून चालते. परंतु ते धातू गंजवते आणि कापडाचा रंग उडवते, म्हणून वायरींच्या जोडण्या आणि सीट यांसाठी त्या पृष्ठभागाला चालणारे दुसरे जंतुनाशक निवडावे. ब्लीचमध्ये अमोनिया किंवा आम्लयुक्त स्वच्छक कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू तयार होतो. केबिन फिल्टर धुऊन परत बसवण्याचा मोह टाळावा आणि नवा घालावा.

स्वच्छता केवळ आरोग्यासाठी नाही. मूत्राचा वास ही दुसऱ्या उंदरांसाठी खूण असते. माझी वायर दुसऱ्यांदा त्याच जागी तुटली, त्यामागे हेही एक कारण असावे.

६. गाडी उभी करण्याची जागा

हा टप्पा सर्वांत कष्टाचा, सर्वांत कमी खर्चाचा आणि माझ्या मते सर्वांत परिणामकारक आहे. गाडीवर कितीही उपाय केले, तरी दोन मीटरवर अन्न आणि अडगळ असेल, तर रोज नवा पाहुणा येत राहील.

प्रथम अन्न. कचऱ्याचा डबा घट्ट झाकणाचा असावा आणि गाडीपासून दूर असावा. पक्ष्यांसाठी टाकलेले दाणे, पाळीव प्राण्यांच्या खाण्याची उघडी पिशवी, झाडाखाली सडणारी फळे यांची रोज सफाई व्हावी. गाडीच्या आतली स्थितीही प्रामाणिकपणे तपासावी. सीटखालचा बिस्किटांचा चुरा, दाराच्या खणातला खाऊचा कागद आणि सीटच्या मागच्या खिशात विसरलेली पुडी एवढे एका लहान उंदराला पुष्कळ दिवस पुरते. त्याला पिण्यासाठी वेगळे पाणीही फारसे लागत नाही. मोठ्या उंदराला मात्र लागते, म्हणून गळका नळ आणि साचलेले पाणी यांकडे लक्ष द्यावे.

त्यानंतर आडोसा. भिंतीलगत रचलेले पुठ्ठे, जुने टायर, लाकडे, चिंध्यांची बोचकी हलवावीत. जे ठेवणे भागच आहे, ते जमिनीपासून वर, फळीवर आणि भिंतीपासून सुटे ठेवावे, म्हणजे त्यामागे पाहता येते. गाडी उभी राहते तेथील गवत कापावे आणि भिंतीच्या पायाशी निदान अर्ध्या मीटरचा पट्टा पूर्ण मोकळा ठेवावा. अशा उघड्या पट्ट्यातून जाणे उंदीर टाळतो. गाडीवर किंवा छपरावर झुकणाऱ्या फांद्या छाटाव्यात.

बंदिस्त गॅरेज असेल, तर दाराच्या खालची फट मोजावी. पेन्सिल आत सरकत असेल, तर लहान उंदीरही येऊ शकतो असे समजावे. केवळ रबराची पट्टी लावून भागत नाही, कारण ती कुरतडली जाते; धातूची पट्टी हवी. भिंतीतून जाणाऱ्या नळांभोवतीची भोके सिमेंटने भरावीत आणि त्याआधी आत स्टेनलेस स्टीलच्या किंवा तांब्याच्या बारीक तारांची चुंबळ कोंबावी. नुसता फोम किंवा लांबी भरलेले भोक एका रात्रीत पुन्हा उघडे होते.

उघड्यावर किंवा सामायिक वाहनतळावर गाडी लावणाऱ्यांच्या हाती एवढे सगळे नसते. त्यांनी निदान जागा निवडताना कचराकुंडी, दाट झुडुपे आणि उघडे गटार यांपासून लांबची जागा घ्यावी आणि शक्य असेल तेव्हा जागा बदलत राहावी. जमिनीपर्यंत लोळणारे कापडी आवरण धुळीपासून गाडी वाचवते, परंतु उंदरांना अंधारा आडोसाही देते. ते घालायचेच असेल, तर खालची कड जमिनीच्या वर राहील असे बांधावे आणि आठवड्यातून एकदा काढून पाहावे.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे गाडी चालवणे. दोन-तीन दिवसांतून एकदा गाडी हलली, की घरटे पुरे होण्याची शक्यता कमी होते. जागेवरच इंजिन काही मिनिटे चालू करून बंद करणे मात्र उपयोगाचे नाही. त्यातून केवळ ऊब मिळते.

७. गाडीतील वाटांना जाळी

गाडी रिकामी आणि स्वच्छ झाल्यावरच हे काम करावे. पुढच्या काचेखालच्या हवेच्या वाटेवर ६ मिलिमीटरची धातूची जाळी बसवणे हा यातला मुख्य भाग आहे. वायपरखालची पट्टी काढून जाळी आतून, कडा दुमडून आणि न हलेल अशी बसवावी. डासांसाठी वापरतात ती नायलॉनची किंवा अॅल्युमिनियमची बारीक जाळी येथे टिकत नाही. जाळीवर पाने साचतात, त्यामुळे पावसाचे पाणी निघून जाण्याची वाट मोकळी राहील याची काळजी घ्यावी.

इंजिनच्या हवेच्या नळीवर जाळी लावायची असल्यास मेकॅनिकला विचारूनच लावावी, कारण हवेचा प्रवाह कमी होणे किंवा सुटलेला तुकडा ओढला जाणे इंजिनला परवडणारे नसते. रेडिएटरवर काही आच्छादू नये. धातूची जाळी किंवा चुंबळ बॅटरीच्या टोकांजवळ आणि उघड्या जोडण्यांजवळ ठेवू नये, शॉर्टसर्किट होते. वॉरंटी शिल्लक असेल, तर कोणताही बदल करण्यापूर्वी तिच्या अटी वाचाव्यात.

एक उपाय फुकटचा आहे. गाडी बंद करण्यापूर्वी हवेचे बटण बाहेरच्या हवेऐवजी आतली हवा फिरवण्यावर ठेवावे. बऱ्याच गाड्यांत त्यामुळे बाहेरच्या वाटेची झडप बंद राहते. जाळीची जागा ती घेऊ शकत नाही, पण तोवर आधार आहे.

८. वायरींचे संरक्षण

मिरचीचा तिखटपणा देणारे कॅप्सेसिन असलेली चिकटपट्टी वायरींसाठी मिळते. होंडासारखी वाहन कंपनीही ती आपल्या सुट्या भागांत विकते. सस्तन प्राण्यांच्या तोंडाला ते झोंबते. ती गुंडाळताना हातमोजे घालावेत आणि नंतर डोळ्यांना हात लावू नये. सगळ्या गाडीला गुंडाळत बसण्याऐवजी जेथे पूर्वी कुरतडले गेले आहे ती जागा आणि आसपासच्या सहज पोहोचता येणाऱ्या वायरी एवढ्यांनाच ती लावावी. विणलेली स्टेनलेस स्टीलची नळी अधिक टिकाऊ असते, परंतु तिची मोकळी टोके नीट बांधली नाहीत, तर तीच वायर घासून काढते. वळ्यावळ्यांची काळी प्लास्टिकची नळी संरक्षण वाटते, प्रत्यक्षात तीही कुरतडली जाते.

९. ज्यांवर विसंबू नये असे उपाय

विष हा माझा दुसऱ्या फेरीतला अपराध. रक्त गोठू न देणारे नेहमीचे उंदीरविष खाल्ल्यावर उंदीर लगेच मरत नाही. त्याला काही दिवस लागतात आणि तेवढ्यात तो आपल्या ओळखीच्या आडोशाला परत जातो. माझ्या बाबतीत तो आडोसा ब्लोअरच्या डब्यामागे होता. डॅशबोर्ड सोडवेपर्यंत गाडीत बसणे अशक्य झाले. शिवाय असा उंदीर खाणाऱ्या घुबडांना आणि मांजरांना विषबाधा होऊ शकते. झिंक फॉस्फाइड आणि पिवळा फॉस्फरस यांवर तर उतारा नाही. मुले किंवा जनावरे वावरतात तेथे ही विषे ठेवू नयेत.

गोंदाचे पुठ्ठे प्राण्याला तासन्तास तडफडवतात आणि पाली, पक्षी यांनाही अडकवतात. इंग्लंडमध्ये ३१ जुलै २०२४ पासून सामान्य नागरिकांना ते वापरण्यास बंदी आहे. धुळीच्या जागी ते लवकर निकामीही होतात.

डांबराच्या गोळ्या केबिनमध्ये ठेवू नयेत. नॅफ्थलीनची वाफ बंद गाडीत साठते, डोकेदुखी आणि मळमळ होते. ज्यांच्या रक्तात जी-६-पी-डी या विकराची कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटू शकतात. पुदिन्याचे तेल, तंबाखूची पाने, फिनेल आणि बाजारातील सुगंधी फवारे यांचा वास उघड्या इंजिनकक्षात लवकर विरतो. कोणाला गुण आला असेल, तर तो वारंवार फवारणी केल्यामुळे आणि त्यानिमित्ताने बॉनेट वारंवार उघडले गेल्यामुळे आला असावा, असे मला वाटते. पाने आणि कापडाचे बोळे तापलेल्या भागांजवळ ठेवणे हा आगीचा धोका आहे, तो वेगळाच.

श्राव्यातीत (माणसाला ऐकू न येणाऱ्या, अल्ट्रासॉनिक) ध्वनीची यंत्रे दिसायला आकर्षक असतात. असा ध्वनी अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होतो, इंजिनसारख्या अडथळ्याच्या मागे पोहोचत नाही आणि उंदीर त्याला सरावतात. २००१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा यंत्रांच्या साठहून अधिक उत्पादकांना आणि विक्रेत्यांना, दाव्यांना शास्त्रीय आधार हवा, असे बजावले होते. बॅटरीवर कायम जोडलेले यंत्र उभ्या गाडीची बॅटरी उतरवते हेही लक्षात घ्यावे.

मांजर? पाळावे, पण त्यासाठी नव्हे. थंडीत तेच बॉनेटखाली जाऊन बसते. गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोनदा थाप मारण्याची सवय म्हणूनही चांगली.

१०. नुकसान झालेच तर : दुरुस्ती आणि विमा

दुरुस्तीपूर्वी छायाचित्रे काढा आणि विमा कंपनीला कळवा. हा क्रम उलटा झाल्यामुळे माझा पहिला खर्च माझ्याच खिशातून गेला. केवळ त्रयस्थ पक्षाच्या दायित्वाचा विमा असेल, तर स्वतःच्या गाडीचे नुकसान त्यात येत नाही. सर्वसमावेशक विम्यातही कुरतडण्याबद्दलची कलमे, वजावटीची रक्कम आणि दाव्याविना मिळणारी सवलत गमावण्याचा हिशोब आधी पाहावा. लहान दुरुस्तीसाठी दावा करणे कधी तोट्याचे ठरते. सोबत पुढील कागद लागतात.

- विमा पॉलिसी आणि भरलेला दावा अर्ज
- गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र आणि चालकाचा परवाना
- तारखेसह छायाचित्रे : तुटलेली वायर, दातांच्या खुणा, लेंड्या, घरटे
- नुकसान कुरतडण्यामुळेच झाले असे नमूद करणारे कार्यशाळेचे लेखी पत्र आणि खर्चाचा अंदाज
- बदललेले भाग, पाहणी होईपर्यंत जपून ठेवलेले

मेकॅनिकला नुसत्या पिळून चिकटपट्टी लावलेल्या जोडण्या करू देऊ नका. योग्य क्रिंप किंवा डाख आणि त्यावर उष्णतेने आकसणारी नळी असावी. पीळ दिलेल्या जोडवायरी दुरुस्तीनंतरही पिळातच राहिल्या पाहिजेत. एअरबॅगच्या वायरी जोडून घेऊ नयेत. त्या कंपनीने सांगितलेल्या पद्धतीनेच बदलाव्यात. एअरबॅगचा किंवा एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागलेला असताना गाडी तशीच चालवत राहू नये.

११. दुचाकी

दुचाकीत एअर फिल्टरचा डबा, सीटखालचा कप्पा आणि दिव्यामागच्या वायरींचा गुंता या तीनच मुख्य जागा असल्याने तपासणी पाच मिनिटांत होते. सीटखाली पुसायचे फडके आणि रेनकोट कायम कोंबून ठेवू नये, घरट्याचे तयार साहित्य तेच असते. सीटच्या फोमची खालची बाजूही उलटून पाहावी.

१२. महिनाभर किंवा अधिक काळ गाडी उभी ठेवताना

जाण्यापूर्वी आतले सगळे अन्न, टिश्यूचा खोका आणि कापडे काढा. केबिनमध्ये लेंड्या नसतील, तर ती व्हॅक्यूम क्लीनरने साफ करा, काचा पूर्ण बंद करा आणि बॅटरीची जोडणी सोडवा. सायलेन्सरच्या तोंडात स्टेनलेस स्टीलच्या जाळीचा बोळा बसवा आणि तो आत ठेवला आहे असे लिहिलेली ठळक चिठ्ठी स्टीअरिंगला बांधा. बंदिस्त आणि सुरक्षित गॅरेजमध्ये बॉनेट उघडे ठेवून प्रकाश येऊ दिला, तर आतला अंधार आणि आडोसा कमी होतो. आठवड्यातून एकदा कोणाला तरी फेरी मारायला सांगा आणि काय पाहायचे ते लिहून द्या : चाकांजवळच्या जमिनीवर लेंड्या, बॅटरीमागची फट, काचेखालची जाळी.

परतल्यावर आधी तिसऱ्या टप्प्यातली संपूर्ण तपासणी करा, चिठ्ठी वाचून सायलेन्सरचा बोळा काढा, मग बॅटरी जोडा. इंजिन सुरू करून दोन मिनिटे बॉनेट उघडेच ठेवा, खाली काही गळते का ते पाहा, वास घ्या. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे विझले की गाडी रिकाम्या रस्त्यावर अगदी सावकाश पुढे घ्या, दोन-तीनदा ब्रेक दाबून पेडल खोल जात नाही ना याची खात्री करा, आणि त्यानंतरच रहदारीत शिरा.